काळ्या लघुग्रहाचा माग: बांबेर्गा स्वतःच्या दुर्बिणीतून कसा शोधायचा

माझ्या निरीक्षणाच्या वहीत एका पानावर नऊ ठिपके आहेत. पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ, आत नऊ ठिपके आणि त्यातल्या एकाशेजारी प्रश्नचिन्ह. पुढच्या पानावर, दोन रात्रींनंतर काढलेलं, तसंच वर्तुळ आहे. आठ ठिपके जागच्या जागी, नववा मात्र वर्तुळाच्या पाव रुंदीएवढा पश्चिमेकडे सरकलेला. तो नववा ठिपका म्हणजे सुमारे २२८ किलोमीटर रुंदीचा, कोळशासारखा काळा दगड. पुण्याहून कोल्हापूरला जायला जेवढा रस्ता कापावा लागतो, साधारण तेवढा.

दुर्बिणीला डोळा लावला की लघुग्रह आपोआप ओळखू येईल, अशी आशा असेल तर ती आधीच सोडा. बांबेर्गा पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही तो दिसतो केवढा, तर दहा-बारा किलोमीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढा. घरगुती दुर्बिणीत त्याचं बिंब दिसत नाही, फक्त ठिपका दिसतो, आणि शेजारचे तारेही ठिपकेच असतात. रंग नाही, आकार नाही, काही नाही. तो हलतो, एवढीच त्याची ओळख. म्हणून हे काम नजरेपेक्षा वहीचं जास्त आहे. ती दोन पानं कशी भरायची, ते पुढे सांगतो.

आधी थोडं बांबेर्गाविषयी

ऑस्ट्रियाचे योहान पालिसा यांनी २५ फेब्रुवारी १८९२ रोजी व्हिएन्नाहून हा लघुग्रह शोधला. जर्मनीतल्या बांबेर्ग शहरावरून त्याचं नाव पडलं आणि क्रमांक मिळाला ३२४. गंमत त्याच्या आधीच्या क्रमांकात आहे. ३२३ क्रमांकाचा ब्रुसिया जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १८९१ मध्ये, हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांना सापडला होता, आणि तो फोटोच्या काचेवर सापडलेला पहिला लघुग्रह होता. म्हणजे कॅमेरा आला, आणि लगेच पुढचाच एवढा मोठा लघुग्रह पालिसांनी जुन्या पद्धतीने, डोळा आणि नकाशा वापरून पकडला. असे १२२ लघुग्रह त्यांनी कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून शोधले. आपण जे करणार आहोत ते त्यांचंच काम, फक्त आपल्याला कुठे बघायचं ते आधीच माहीत असतं.

एवढा मोठा दगड १८९२ पर्यंत लपून कसा राहिला? कारणं दोन. पहिलं म्हणजे त्याची कक्षा फार लांबट आहे. सूर्याजवळ असताना तो १.७७ खगोलीय एककांवर असतो आणि दूर जातो तेव्हा ३.५९ वर (एक खगोलीय एकक म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर). सूर्याजवळ असतानाच आपल्यासमोर आला तर तो ८.१ प्रतीपर्यंत उजळतो, दूर असताना समोर आला तर जवळपास १२ प्रतीपर्यंत मंदावतो. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद, हे नव्या वाचकांसाठी.

दुसरं कारण त्याचा काळेपणा. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम सहा टक्के तो परत पाठवतो. आपल्याला एवढा पांढरा वाटणारा चंद्रही सुमारे बाराच टक्के पाठवतो, तर वेस्टा हा लघुग्रह चाळीसहून जास्त. बांबेर्गा वेस्टाएवढा उजळ असता तर सातपट तेजस्वी दिसला असता, म्हणजे ८.१ ऐवजी सुमारे ६ प्रतीचा. गावाकडच्या काळ्याभोर आकाशात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसला असता. अशा लघुग्रहांच्या पृष्ठावर कार्बनयुक्त पदार्थ आणि चिकणमातीसारखी खनिजं असतात, म्हणून हा काजळीचा रंग. नासाच्या ‘निअर’ यानाने १९९७ मध्ये मॅथिल्ड नावाच्या अशाच काळ्या लघुग्रहाचे फोटो काढले, आणि त्यावरच्या विवरांना चक्क जगभरच्या कोळसा-क्षेत्रांची नावं दिली गेली. आपलं दामोदर खोऱ्यातलं कोळसा-क्षेत्र त्यात आहे.

थेट बांबेर्गावर उडी घेऊ नका

आयुष्यातला पहिलाच लघुग्रह म्हणून बांबेर्गा निवडला, तर दहातले नऊ जण कंटाळून सोडून देतील. सुरुवात वेस्टाने करा. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला असताना, तो साध्या दुर्बिणीत सहज सापडतो. त्यानंतर हायजिया घ्या. १८४९ साली नेपल्सहून अॅनिबाले दे गास्पारिस यांनी शोधलेला हा सुमारे ४३० किलोमीटरचा, मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला आकाराने चौथ्या क्रमांकाचा आणि तोही काळाच. चांगल्या प्रतियुतीत तो ९ प्रतीच्या आसपास येतो. हायजिया दोन रात्रींत हललेला दिसला, की मग बांबेर्गाकडे वळा. लघुग्रह बदलला तरी पुढची सगळी कृती तीच.

रात्र निवडणं

बांबेर्गा सूर्याभोवती ४.४ वर्षांत फिरतो, त्यामुळे त्याच्या दोन प्रतियुतींमध्ये सरासरी साडेपंधरा महिने जातात. एका वर्षी हिवाळ्यात आला तर पुढच्या खेपेला उन्हाळ्यात. तारीख अंदाजाने धरू नका. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर लघुग्रहाचा क्रमांक टाकला की रोजची स्थिती, अंतर आणि प्रत यांचा तक्ता मिळतो. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या ‘होरायझन्स’ संकेतस्थळावरही मिळतो. निरीक्षणस्थळाच्या जागी ५०० हा पृथ्वीच्या केंद्राचा कोड चालतो, आपल्या कामाला तेवढी अचूकता भरपूर झाली.

इथे एक खाच आहे. हे तक्ते जागतिक वेळेत असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. रात्री ९ म्हणजे त्यांचे १५.३० वाजलेले, इथवर ठीक. पण आपल्याकडे १२ तारखेच्या पहाटे २ वाजतात तेव्हा तिथे अजून ११ तारखेची रात्रीची साडेआठच झालेली असते. मध्यरात्रीनंतर निरीक्षण करणारा हमखास पुढच्या दिवसाची ओळ वाचतो आणि पाव अंशाने चुकतो. पाव अंश म्हणजे चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढी चूक, ठिपक्यांच्या गर्दीत ती महागात पडते.

तक्त्यात रोजची हालचालही बघा. प्रतियुतीच्या सुमारास लघुग्रह वक्री असतो आणि रोज साधारण पाव अंश पश्चिमेकडे सरकतो. वक्री होण्याच्या आणि मार्गी होण्याच्या दिवसांत, म्हणजे पंचांगवाले ज्याला स्तंभी म्हणतात तेव्हा, तो जागचा जवळजवळ हलत नाही. त्या आठवड्यात निरीक्षण केलं तर दोन्ही पानं सारखीच येतील आणि तुम्ही उगाच स्वतःवर शंका घ्याल. अमावस्येच्या मागचे-पुढचे आठ दिवस आणि प्रतियुतीच्या मागचा-पुढचा महिना, ही दोन्ही जिथे जुळतील ती रात्र घ्या. त्याच्या लागोपाठच्या दोन रात्रीही हाताशी ठेवा, ढगांचा भरवसा नाही.

जागा आणि साधनं

शहराच्या गच्चीवरून १३० मिलिमीटर रुंद तोंडाच्या दुर्बिणीत अकरा प्रतीपर्यंत जेमतेम पोचता येतं. तीच दुर्बीण अंधाऱ्या जागी नेली तर बारा-साडेबारापर्यंत. म्हणजे दुर्बीण मोठी घेण्याआधी एसटीचं तिकीट काढा, स्वस्तात काम होतं. मुंबईकर वांगणीकडे जातात, पुणेकर वेल्ह्याकडे. विदर्भातल्या लोकांचं नशीब जोरावर आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ साली देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

बांबेर्गा ९ प्रतीच्या आत असेल तर १०×५० ची द्विनेत्री स्टँडवर लावून भागतं. एरवी ११४ किंवा १३० मिलिमीटरची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, दुर्बीण लागेल. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, २५ मिलिमीटरचा लावा. जास्त मोठं दिसावं म्हणून लोक सुरुवातीलाच ६ मिलिमीटरचा लावतात आणि मग आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत हेच कळेनासं होतं. सोबत लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी, पाठीला कडक पुठ्ठा असलेली वही, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, खुर्ची. खुर्चीला हसू नका. उभ्याने वाकून काढलेल्या चित्रातले ठिपके हमखास भरकटतात.

नकाशा

स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे, पण त्यातल्या लघुग्रहांच्या कक्षांची माहिती जुनी असू शकते. मोठ्या ग्रहांच्या ओढीने लघुग्रहाची कक्षा हळूहळू बदलते, आणि जुन्या आकड्यांवरून काढलेली जागा चुकते. प्लगइनच्या यादीतलं ‘सोलर सिस्टिम एडिटर’ चालू करा आणि मायनर प्लॅनेट सेंटरकडून ताजी माहिती ओढून घ्या. मग स्टेलॅरियममधली जागा तक्त्यातल्या विषुवांश-क्रांतीशी, म्हणजे आकाशातल्या रेखांश-अक्षांशांशी, ताडून बघा. दोन्ही जुळली तरच नकाशा छापा.

तीन नकाशे लागतात. पहिला मोठा, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचा. दुसरा शोधक दुर्बिणीसाठी, म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीसाठी, आठ प्रतीपर्यंतचा. तिसरा आयपीससाठी, लघुग्रहापेक्षा निदान एक प्रत मंद तारे दाखवणारा. लोक नेमके इथे कंजूषपणा करतात. नकाशा दहा प्रतीपर्यंतच असेल आणि दुर्बिणीत अकराचे तारे दिसत असतील, तर नकाशात नसलेला प्रत्येक तारा लघुग्रह वाटायला लागतो.

आणि नकाशा तुमच्या दुर्बिणीसारखा फिरवून घ्या. न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र उलटं, म्हणजे अर्ध्या वर्तुळाने फिरलेलं दिसतं, त्यामुळे कागद उलटा धरला की झालं. पण भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं बदलतं, आणि तिथे कागद कितीही फिरवा, जुळत नाही. स्टेलॅरियममध्ये आडवं उलटवण्याची सोय आहे, ती वापरून छापा. मी स्वतः पहिली अख्खी रात्र एका मित्राच्या आरसेवाल्या दुर्बिणीवर साधा नकाशा घेऊन बसलो होतो. पहाटे चारला चूक लक्षात आली, तोवर बांबेर्गा झाडामागे गेला होता.

शोधक दुर्बिणीत किती आकाश दिसतं, ते नकाशावर दाखवायला मी आईची जुनी बांगडी वापरतो. शोधकात दिसणारे पाच-सहा अंश बांगडीच्या आतल्या वर्तुळात बरोबर बसतील, एवढ्या मापाने नकाशा छापायचा. मग बांगडी सरकवत गेलं की शोधकात पुढे काय दिसणार ते आधीच कळतं. आयपीसमधलं क्षेत्र मोजायची जुनी युक्तीही सोपी आहे. मृगाच्या पट्ट्यातला सगळ्यात पश्चिमेचा तारा, मिंटाका, खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. दुर्बीण हलवू नका, तो तारा क्षेत्राच्या एका कडेकडून मधोमध जात दुसऱ्या कडेला बाहेर पडायला किती मिनिटं लागतात ते मोजा, आणि चारने भागा. आठ मिनिटं लागली तर क्षेत्र दोन अंशांचं.

ताऱ्यावरून ताऱ्यावर

लक्ष्याजवळचा, नुसत्या डोळ्यांना नक्की दिसणारा तारा निवडा. तो शोधकाच्या मधोमध आणा. तिथून शोधकातल्याच ताऱ्यांचे त्रिकोण, चौकोन, ओळी धरत पुढे जायचं. एका उडीत बांगडीच्या अर्ध्या रुंदीपेक्षा जास्त जाऊ नका, म्हणजे मागचा ओळखीचा तारा कडेला दिसत राहतो. वाट चुकली तर अंदाजाने फिरू नका, पहिल्या ताऱ्यावर परत या. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांत होतं. अंदाजाने फिरणारा अर्धा तास घालवतो.

शेवटच्या उडीनंतर शोधक सोडून आयपीसमध्ये या आणि तिसरा नकाशा समोर धरा. दोन-तीन ठळक ताऱ्यांची जुळणी लागेपर्यंत लघुग्रहाचा विचारही करू नका. आधी पत्ता, मग माणूस.

पहिलं पान

वाटीने वर्तुळ काढा. क्षेत्रातले सगळ्यात ठळक तीन-चार तारे आधी मांडा, त्यांच्यातली अंतरं आणि कोन नीट सांभाळा. मग त्यांच्या आधाराने मंद तारे भरा: ‘ह्या दोघांच्या मधल्या रेषेच्या जरासा खाली’, अशा हिशेबाने. तारा दिसेना झाला तर त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. डोळ्याचा कडेचा भाग मंद प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो, आणि अकरा प्रतीचा ठिपका असाच डोकावतो. मग दुर्बीण सोडा आणि तारे कुठल्या बाजूने बाहेर पडतात ते बघा. ती पश्चिम. कडेला बाण काढा. तारीख, वेळ, आयपीस आणि आकाशाची अवस्था लिहा.

आता नकाशा बघायचा. मी मुद्दाम चित्र पूर्ण झाल्यावरच लघुग्रहाची नेमकी जागा नकाशावर बघतो. आधी बघितली तर डोळा तिथे ठिपका ‘दिसवतो’. नकाशाच्या जागी तुमच्या चित्रात ठिपका असेल तर प्रश्नचिन्ह करा. उद्गारचिन्ह अजून नाही.

दुसरं पान

पुढच्या रात्री किंवा एक रात्र सोडून तेच क्षेत्र, तोच आयपीस, नवं कोरं पान. जुनं पान बघून काढू नका. दोन्ही चित्रं पूर्ण झाली की शेजारी ठेवा. ज्याची जागा बदलली तो लघुग्रह, पण बदल योग्य दिशेला आणि योग्य अंतरावर हवा. प्रतियुतीजवळ तो पश्चिमेकडेच सरकायला हवा, रोज पाव अंशाच्या आसपास. ठिपका पूर्वेकडे अर्धा अंश गेलेला दिसला तर तो लघुग्रह नव्हे, तुमच्या पेन्सिलीची चूक आहे.

घाई असेल तर एका रात्रीतही जमतं, फक्त लघुग्रह एखाद्या ताऱ्याला खेटून असायला हवा. तासाभरात तो साधारण दुर्बिणीतल्या गुरूच्या बिंबाएवढा सरकतो. तीन-चार तासांनी ताऱ्याशी झालेला कोन बदललेला दिसतो. जोडतारा बघता बघता उसवल्यासारखा वाटतो. हे दृश्य एकदा तरी बघावंच.

कॅमेरा असेल तर

डीएसएलआरला २०० मिलिमीटरची लेन्स लावा, साध्या ट्रायपॉडवर एक-दोन सेकंदांचे पन्नास-साठ फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरने एकत्र करा. दोन रात्रींचे असे दोन फोटो आलटून पालटून स्क्रीनवर दाखवले की सगळं आकाश स्थिर राहतं आणि एक ठिपका उडी मारतो. सोपं आहे. मला स्वतःला वहीच आवडते, पण हट्ट नाही.

मोजमाप करायचं असेल तर

मंद ठिपका म्हणजे लहान उजळ दगड की मोठा काळा दगड, हे प्रकाशावरून सांगता येत नाही. शास्त्रज्ञांनी त्याची उष्णता मोजली. काळा दगड सूर्यप्रकाश जास्त शोषतो आणि अवरक्त किरणांत तो उधळतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून केलेल्या अशा मोजणीत बांबेर्गाचा व्यास २५५ किलोमीटर आला. मग ८ डिसेंबर १९८७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून गेला आणि त्या पिधानातून सुमारे २२८ हा आकडा मिळाला.

अशा पिधानाची नोंद तुम्हीही घेऊ शकता. ‘ऑकल्टवॉचर’ हे सॉफ्टवेअर तुमच्या गावाजवळून लघुग्रहाची सावली कधी जाणार ते सांगतं. सावलीचा पट्टा लघुग्रहाएवढाच रुंद असतो. तारा काही सेकंद विझतो आणि परत लागतो. विझल्याची आणि लागल्याची अचूक वेळ मिळाली की लघुग्रहाच्या आकारातली एक जीवा हातात येते. वेगवेगळ्या गावांतून पाच-सहा जीवा मिळाल्या तर बाह्यरेषाच उमटते. जीपीएसची वेळ छापणारा व्हिडिओ असेल तर उत्तम. तारा विझलाच नाही, तरी तेही कळवा: सावलीची कड कुठे संपली ते त्या नोंदीवरूनच ठरतं.

२०३५ ची तयारी

बांबेर्गाच्या पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ बरोबर बावीस वर्षं. त्यामुळे तो सूर्याजवळ असतानाच आपल्यासमोर येण्याचा योग दर बावीस वर्षांनी येतो, आणि येतो तोही सप्टेंबरात. १९९१ झालं, २०१३ झालं. २०१३ ला मी तीन आठवडे रोज गच्चीवर जाऊन ढगच बघितले. आता २०३५.

त्याचीही कुंडली मांडून ठेवली आहे. २ सप्टेंबर २०३५ ला सूर्यग्रहण आहे, म्हणजे त्या दिवशी अमावस्या. बांबेर्गा सर्वांत तेजस्वी महिन्याच्या मध्याच्या सुमारास, तेव्हा गणपती बसलेले असतील, रोषणाई असेल, १६-१७ तारखेला पौर्णिमा असेल आणि पाऊस पुरता गेलेला नसेल. सह्याद्रीच्या पूर्वेला पळून जाऊ म्हटलं, तर सोलापूरकडे सप्टेंबर हाच भर पावसाचा महिना. म्हणून त्या आठवड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. सर्वपित्री अमावस्या १ ऑक्टोबरच्या आसपास येते. तोवर बांबेर्गा जरा मंदावलेला असेल, पण छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यात असेल, आणि आकाश मोकळं मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त. संध्याकाळ सरली की पूर्वेला पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. बांबेर्गा त्याच्या दक्षिणेला, मीन राशीच्या बाजूला असेल. नेमकी जागा त्या वर्षीच्या ताज्या तक्त्यातून घ्या, आणि पहिल्या रात्री ढग नसले तर उद्याची वाट न बघता लगेच पहिलं पान काढून ठेवा.